सही माझीच होती: ‘कॅन्सल चेक’ने झालेली फसवणूक

मिरजेत माझे शालेय साहित्याचे छोटे दुकान आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये झेरॉक्सचे नवे यंत्र घेण्यासाठी मी कर्जाच्या शोधात होतो, तेव्हा एका गिऱ्हाइकाची ओळख सांगत एक तरुण दुकानात आला आणि मुद्रा योजनेतून कर्ज करून देतो म्हणाला. मुद्रा कर्जासाठी कोणीही दलाल नेमलेला नसतो, हे मला नंतर कळले. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल आणि तोंडात सतत ‘काका’. आधार, पॅन आणि सहा महिन्यांचे स्टेटमेंट यांच्या प्रती घेऊन झाल्यावर त्याने एक कॅन्सल चेक, म्हणजे खात्याच्या पुराव्यासाठी रेघा मारून रद्द केलेला धनादेश, मागितला.

मी चेकबुक काढले. ‘द्या काका, मी करतो, रेघा ठरावीक जागीच लागतात,’ असे म्हणत त्याने स्वतःच्या खिशातल्या पेनाने दोन तिरक्या रेघा ओढल्या, त्यांच्यामध्ये ‘कॅन्सल्ड’ असे लिहिले आणि सही मात्र माझ्या पेनाने करायला सांगितली, कारण म्हणे बँकेत सही जुळवून पाहतात. गल्ल्यावर पडलेल्या बॉलपेनाने मी सही केली. रद्द केलेल्या धनादेशावर सही केल्याने काय बिघडणार, असा माझा समज होता.

त्याच्या पेनातली शाई धग लागताच उडून जाणारी होती. रेघा गेल्या, ‘कॅन्सल्ड’ गेले, आणि उरला तो माझ्या खऱ्या सहीचा कोरा धनादेश. चौथ्या दिवशी दुपारी धनादेश क्लिअरिंगला आल्याचा संदेश मोबाइलवर आला होता, पण शाळा सुटण्याच्या वेळेच्या गर्दीत मी तो उघडला नाही. संध्याकाळी हिशेब करताना पाहिले तर खात्यातून ४८,५०० रुपये वजा झाले होते.

हा आकडा त्याने सहज लिहिलेला नव्हता. ५०,००० रुपयांपासून पुढच्या धनादेशांसाठी जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे, ज्यात खातेदाराने धनादेशाचा तपशील बँकेला आधीच कळवायचा असतो; मोठ्या रकमांचे धनादेश अतिनील दिव्याखाली तपासावेत, अशाही सूचना बँकांना आहेत. माझा धनादेश या सर्व चाळण्यांच्या खालून निघून गेला. शिवाय ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश दिवसभर सलग वटवले जातात आणि बँकेने संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवले नाही, तर तो मान्य झाल्याचे धरले जाते. पूर्वी एक-दोन दिवस मिळत, त्यात एखाद्याला ‘स्टॉप पेमेंट’ करता येई. माझ्या हाती काही तास होते, आणि ते मी गिऱ्हाइकांना वह्या मोजून देण्यात घालवले.

बँकेत गेलो तेव्हा अधिकाऱ्याने पडद्यावर धनादेशाचे चित्र दाखवले. त्यात कुठेही डाग नव्हता. धनादेश वटवण्याच्या सीटीएस पद्धतीत कागद जिथे भरला त्याच बँकेकडे राहतो आणि आपल्या बँकेकडे फक्त त्याची करड्या छटांतली प्रतिमा येते, हे मला त्या दिवशी समजले. पुढे पोलिसांसमोर मूळ धनादेश पाहायला मिळाला. उजेडात तिरका धरल्यावर पेनाच्या टोकाने पडलेले ‘कॅन्सल्ड’चे चर स्पष्ट दिसत होते, बोट फिरवले की लागतही होते. हे चर त्या प्रतिमेत दिसणे शक्यच नव्हते, आणि माझ्या खात्यातले पैसे द्यायचे की नाही, हे त्या प्रतिमेवरूनच ठरले.

भरपाईचा विषय काढल्यावर कायद्याची अडचण समोर आली. सही खोटी असेल तर पैसे देण्याचा अधिकारच बँकेला नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केलेले आहे. माझी सही मात्र खरी होती. धनादेशांविषयीच्या १८८१ च्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याचे कलम ८९ सांगते की धनादेशातली खाडाखोड वरून दिसत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर ती जबाबदारीतून मोकळी होते. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकाला झळ न बसू देणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रकही केवळ इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी होते. म्हणजे यूपीआयवर अनोळखी व्यवहार झाला तर दाद मागण्याची एक ठरलेली वाट आहे, आणि कागदावर झाला तर ती नाही. ज्या खात्यात पैसे गेले, ते कोणीतरी भाड्याने दिलेले होते आणि दुसऱ्याच दिवशी एटीएममधून रिकामे झाले. गुन्हा नोंदवला आहे, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडेही तक्रार केली आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

धनादेश बंदच करावेत का, असे मला आता बरेच जण विचारतात. डेन्मार्क, नेदरलँड्स, न्यूझीलंड या देशांनी ते बंद केले आहेत. आपल्याकडे मात्र गृहनिर्माण संस्थांचे दोन सह्यांचे व्यवहार आणि मोबाइलला बिचकणारी वृद्ध माणसे अजून धनादेशावरच चालतात, त्यामुळे सरसकट बंदी मला अन्यायाची वाटते. बंद व्हायला हवा तो कॅन्सल चेक. खाते क्रमांक आणि आयएफएससी हवा असेल, तर तो पासबुकच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. त्यासाठी पैसे काढण्याचे साधन परक्याच्या हाती का द्यायचे? भविष्य निर्वाह निधी संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये ऑनलाइन दाव्यांसाठी चेकच्या प्रतीची अट काढून टाकली. बँका, वित्तसंस्था आणि विमा कंपन्या यांना तेच करायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी सांगू शकलेले नाही.

तोवर कोणी कॅन्सल चेक मागितलाच, तर रेघा स्वतःच्या बॉलपेनाने, सहीची आणि रकमेची जागा कापून जातील अशा ओढाव्यात, आणि सही करू नये. रद्द धनादेशाला सही लागत नाही. यंत्राचे कर्ज मी शेवटी बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन घेतले. तिथेही कॅन्सल चेक मागितला गेला. मी पासबुकची झेरॉक्स पुढे केली, आणि ती चालली.