चार थ्रॉटल बॉडींचं इंजिन: ट्यूनिंग कोनावर की दाबावर?

दर सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (हवेची नळी आणि ती उघड-बंद करणारी चकती, म्हणजे बटरफ्लाय) असलेलं इंजिन ट्यून करायचं, तर आत किती हवा गेली हे ईसीयूला, म्हणजे इंधन ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला, कशावरून कळणार, हे आधी ठरवावं लागतं. बटरफ्लाय किती उघडली त्या कोनावरून कळलं तर ते अल्फा-एन, मॅनिफोल्डमधल्या (बटरफ्लायनंतर सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतल्या) दाबावरून कळलं तर स्पीड-डेन्सिटी. चार बॉडींवर दाबाची पद्धत चालतच नाही, असं काही जण म्हणतात.

एकाच बटरफ्लायच्या इंजिनात दाब सरळ वागतो. आयडलिंगला साधारण 30 ते 40 किलोपास्कल, पूर्ण थ्रॉटलला 100 च्या आसपास. चार बॉडींवर मात्र पाव थ्रॉटललाच तो वातावरणाच्या दाबाजवळ पोचतो. पुढे पाय कितीही दाबा, सेन्सरला फारसा फरक दिसत नाही. शिवाय एकाच नळीवर सेन्सर लावला तर आकडा नाचत राहतो. म्हणून चारही नळ्यांतून बारीक होज एका छोट्या डबीत आणून सेन्सर तिथे लावतात. टोयोटाच्या 20 व्हॉल्व्हच्या, चार थ्रॉटल बॉडींच्या 4ए-जीई इंजिनात 1991 च्या ‘सिल्व्हरटॉप’ला हवेचा प्रवाह मोजणारा झडपेचा एअरफ्लो मीटर होता, 1995 च्या ‘ब्लॅकटॉप’ला टोयोटानेच दाबाचा सेन्सर दिला. तेव्हा ‘चार बॉडींवर दाब चालतच नाही’ हे मला पटत नाही.

व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या मोठ्या कॅमशाफ्टमुळे आयडलिंगचा दाब थरथरतो, तिथे कोन भरवशाचा. पण कोनाला उंची कळत नाही. मुंबईत केलेलं मॅपिंग महाबळेश्वरला, जवळपास 1,350 मीटरवर, रिच (इंधन जास्त) होणार, कारण तिथे हवेचा दाब सुमारे 15 टक्के कमी. बाहेरचा दाब मोजणारा सेन्सर घ्यावाच लागतो. सुरुवातीच्या काही अंशांत हवा झपाट्याने वाढते, त्यामुळे कोनानुसार इंधन ठरवणाऱ्या टेबलातले पहिले टप्पे अगदी जवळजवळ ठेवा.

खरी गंमत इंजिन बाहेरून हवा खायला लागलं की कळते. बटरफ्लाय आणि इंजिन यांच्या मधलं गॅस्केट फाटलं, तर कोनाला या जादा हवेचा पत्ताच नसतो. मिश्रण लीन होतं (इंधन कमी पडतं), रेस वर-खाली होते, बिघाड लगेच जाणवतो. दाबाच्या पद्धतीत दाब वाढतो, ईसीयू इंधन वाढवतं आणि लीक झाकला जातो. गळती एकाच सिलिंडरला असेल तर डबीतला दाब सरासरीचा, एक्झॉस्टमधला, मिश्रण मोजणारा लॅम्बडा सेन्सरही सरासरीच सांगणार: एक सिलिंडर लीन, बाकीचे तीन किंचित रिच, आणि लॅपटॉपवर सगळं ठीक! ही चूक पिस्टनच्या जिवावर बेतू शकते. म्हणून एकेका सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून रेस किती पडते ते बघा. ज्याला सर्वांत कमी पडते, तिथे शोधा. मॅनिफोल्डला जोडलेला ब्रेक बूस्टरचा होजही चिमटून बघा, रेस बदलली तर गळती तिकडे. गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारण्यापेक्षा धुराची चाचणी (नळ्यांत धूर सोडून तो कुठून निघतो ते बघणं) मला जास्त पसंत, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर फवारा पेट घेऊ शकतो.

गळती बंद झाल्यावरच चारही बॉडींचा प्रवाह गेजवर जुळवा. बटरफ्लायची बंद स्थिती ठरवणारा स्टॉप स्क्रू हलला असेल तर कोन मोजणाऱ्या थ्रॉटल सेन्सरचा शून्य पुन्हा घ्या; कोनाच्या पद्धतीत हे विसरलात तर अख्खं टेबल सरकतं.

रोज रस्त्यावर चालणारी, मूळ कॅमशाफ्टची गाडी असेल तर मी दाब घेईन. फक्त ट्रॅकसाठी आणि मोठ्या कॅमशाफ्टसह असेल तर कोन. ईसीयूला दोन्ही जमत असेल तर सुझुकी हायाबुसा मोटरसायकलसारखं करावं: कमी थ्रॉटलला दाबाचं टेबल, पुढे कोनाचं.