काडी का तार? नऊ महिने छोट्या अँटेना घेऊन डोंगर फिरल्यावर

मी हॅम रेडिओवाला, म्हणजे लायसन्स काढून हौसेनं वायरलेसवर लांबलांबच्या माणसांशी बोलणारा. आधी माझी अडचण सांगतो म्हणजे पुढचं सगळं समजेल. मी साताऱ्यात गोडोलीला फ्लॅटमध्ये राहतो, तिसरा मजला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर वायरी-बियरी लावायला साफ नकार दिलाय. वीज पडेल म्हणतात. गच्चीवर डिशच्या सात छत्र्या आहेत, त्यांना वीज ओळखत असावी. गॅलरीत तार सोडून बघितली तर ४० मीटरला (बँडला तरंगलांबीचं नाव असतं, हा ७ मेगाहर्ट्झचा) एस ९ नॉईज, म्हणजे सिग्नल मीटरचा काटा नुसत्या खरखरीनं ९ वर, सगळ्या बिल्डिंगचे एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर एका सुरात बोंबलतायत, त्यात १० वॉटच्या सेटवर कोण कुणाला ऐकणार. म्हणून मग बॅग उचलायची, गाडीला किक मारायची आणि डोंगर गाठायचा, हाच मार्ग उरला.

सेट म्हणजे हैदराबादच्या अशर फरहान यांनी डिझाईन केलेला मायक्रो-बिटेक्स. ४० मीटरला १० वॉटच्या आसपास देतो, वर १५-१० मीटरला गेलं की पॉवर पडते. बॅटरी १२ व्होल्ट ६ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट. सेटबद्दल तक्रार नाही, आजचा विषय अँटेना.

ऑक्टोबरच्या शेवटाला ऑनलाईन एक घडीची व्हिप अँटेना मागवली. स्टीलची टेलिस्कोपिक काडी, पूर्ण ओढली की ५.६ मीटर, खाली टॅप असलेली कॉइल, जमिनीत खुपसायचा खिळा आणि काडीच्या बुडापासून जमिनीवर पसरायच्या चार बारीक काळ्या वायरी (यांना रेडियल म्हणतात), सगळं एका कापडी पाऊचमध्ये. पोस्टेज, कस्टम धरून साडेनऊ हजाराला पडली. बायकोला आकडा अजून नीट सांगितलेला नाही.

पहिल्या रविवारी यवतेश्वरच्या वरच्या सड्यावर गेलो. खिळा काही जांभ्यात शिरेना, शेवटी दगडं रचून उभा केला, काडी ५ मीटरपर्यंत ओढली (२० मीटर बँडचा पाव तरंग, म्हणजे तरंगलांबीचा चौथा भाग, तेवढाच येतो), वायरी खाली टाकायचा कंटाळा केला आणि नॅनो-व्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून बघतो तर एसडब्ल्यूआर १.१! अँटेना सेटशी किती जुळते त्याचा हा आकडा, १ म्हणजे तंतोतंत. म्हटलं पैसे वसूल. दोन तास सीक्यू देत बसलो, म्हणजे "कुणी आहे का" अशी हाक, एकानं उत्तर दिलं नाही. रशियावाले, इटलीवाले नुसते धो-धो येतायत कानात आणि मी हाका मारतोय ते त्यांच्या गावीच नाही.

पुढच्या रविवारी परत गेलो, या खेपेला चारही वायरी पसरल्या, वरून घरातली आणखी आठ, तीन-तीन मीटरची. एसडब्ल्यूआर झाला १.४. मला वाटलं बिघडलं काहीतरी. पण मोर्सच्या की वर (टिक-टिकचं बटण) सीक्यू दिला तर दहा मिनिटात इटलीच्या एका स्टेशननं उत्तर दिलं.

याचं कारण समजायला मला महिना लागला, ते सांगतो, कारण नव्या माणसाला हीच गोष्ट फसवते. पाव तरंगाच्या उभ्या काडीचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर हवेत फेकणारा, कामाचा रेझिस्टन्स) ३६ ओहमच्या आसपास असतो. कोरड्या जांभ्या दगडावर, रेडियल वायरी न टाकता, जमिनीचा लॉस त्यात आणखी १५-२० ओहम घालतो. बेरीज होते ५०, सेटला पाहिजे तेवढीच, म्हणून सेट खूश, मीटर खूश, आणि पॉवरचा मोठा वाटा दगड गरम करण्यात जातो. वायरी पसरल्या की लॉस कमी होतो, बेरीज ३६ कडे सरकते, एसडब्ल्यूआर वाढतो आणि सिग्नल मात्र सुधारतो. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रेझिस्टर) एसडब्ल्यूआर तर १.० असतो राव, त्यावर कुणी इटली केलीय का? तेव्हापासून १.१ दिसला की मला उलट शंका येते. आणि जमिनीवर टाकायच्या वायरी मोजूनमापून कापायची गरज नाही, मोजक्या लांब वायरींपेक्षा आखूड पण भरपूर वायरी बऱ्या, आता माझ्याकडे सोळा आहेत.

त्याच सड्यावरची गंमत. संध्याकाळी पाचचा सुमार, २० मीटरवर युरोप उघडलेला (म्हणजे तिथले सिग्नल पोचत होते), माझं की वर काम चाललेलं आणि एक आबा शेरडं घेऊन आले. लांबून काडी बघितली, जवळ येऊन म्हणाले, "पावणं, हितं कुठलं मासं गावत्यात?" मी म्हटलं आबा गळ नाही, रेडिओ आहे, इटलीच्या माणसाशी बोलतोय. आबांनी हेडफोन कानाला लावला, टिटवाट ऐकली, म्हणाले, "ह्यो बोलतोय? का उचकी लागलीया त्याला?" एवढ्यात एका शेळीनं रेडियलच्या टोकाला तोंड घातलं, वायर पायात अडकली, ती बिथरली, आणि काडी, कॉइल, दगडं सगळं आडवं. इटलीवाला तिकडं माझ्याकडं रिपोर्ट (त्याचा सिग्नल कसा येतोय ते) परत मागतोय आणि मी इकडं शेळीचा पाय सोडवतोय. आबांनीच मग दगडं परत रचून दिली, माझ्यापेक्षा पक्की. काडीचा शेवटचा कांडा तेव्हा वाकला तो अजून वाकडाच आहे.

असो. २० मीटर आणि त्याच्यावरच्या बँडना ही व्हिप चांगली आहे, हे मान्य. यंदा १० मीटर दुपारचं उघडं मिळालं की अडीच मीटर काडीत युरोप होतं, तिथं कॉइलही लागत नाही. खरी गोची ४० मीटरला. तिथं पाव तरंग म्हणजे १० मीटरच्या वर, काडी ५.६, उरलेलं कॉइलनं भरून काढायचं. रेडिएशन रेझिस्टन्स उरतो ७ ओहमच्या आसपास, समोर जमीन आणि कॉइलचा लॉस मिळून २०-२५ ओहम, म्हणजे ५ वॉट दिले तर त्यातला जेमतेम १ वॉट हवेत. शंभर वॉटवाल्याचे ७ डीबी (म्हणजे पॉवर पाचपट कमी) गेले तरी त्याच्याकडे २० वॉट उरतात, आपल्याकडे काय उरतं? एका मित्राची सव्वा मीटरची खिशात मावणारी व्हिप पण ४० वर लावून बघितली होती, तिचं गणित केलं तर रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्याही खाली येतो, ५ वॉटातले ५० मिलीवॉट गेले तरी नशीब. दिसायला मात्र फार गोड आहे.

क्यूआरपी, म्हणजे मुद्दाम ५ वॉटच्या आसपास काम करणारे वॉटवर रडतात ते मला पटत नाही. ५ वॉट आणि १०० वॉट यात फरक १३ डीबी, सिग्नल मीटरवर दोन एस-युनिटच्या (त्याच्यावरच्या खुणा) थोडा वर. ते परवडतं. अँटेनात घालवलेलं परवडत नाही.

आता सांगलीची गोष्ट. माझा एक दोस्त सांगलीत असतो, २०१९ च्या महापुरानंतर या नादाला लागला आणि परीक्षा देऊन लायसन्स काढलं. सातारा-सांगली सरळ रेषेत ११० किलोमीटर. आम्ही दर रविवारी सकाळी १० ला ४० मीटरवर भेटायचं ठरवलं. व्हिपवर मी त्याला ऐकूच जात नव्हतो! हैदराबाद, पावणेपाचशे किलोमीटर, तिथला माणूस मला रिपोर्ट देतोय आणि सांगलीवाला फोन करून विचारतोय, "अरे लावलास का सेट?" चार रविवार असे गेले. उभी काडी सिग्नल क्षितिजाकडे फेकते, डोक्यावर तिचं तोंडच नसतं, आणि शे-दोनशे किलोमीटरला सिग्नल सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या आयनोस्फिअर थरावरून खाली पडावा लागतो. त्याला पाहिजे आडवी, बुटकी तार.

म्हणून जानेवारीत तार केली. अर्ध्या तरंगाची, एका टोकाला फीड देतात ती. टोकाला इंपिडन्स (रेझिस्टन्ससारखाच समजा) अडीच हजार ओहमच्या घरात, सेटला पाहिजे ५०, म्हणून ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर लागतो, २ वेढे आणि १४ वेढे, ५० ओहमच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा हाय व्होल्टेज कपॅसिटर. कंजूषपणा केला, मेलेल्या कॉम्प्युटर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग काढून तिच्यावरच गुंडाळला. दोन मिनिटं की दाबली तर रिंग हाताला चटका देण्याइतकी गरम. ती पावडर आयर्नची असते, या कामाची नाही. मग एफटी १४०-४३ ही फेराईटची रिंग मागवली, त्यावर कोमट पण होत नाही.

तारेसाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातनं २२ गेजची इनॅमल वायर आणली, स्वस्त आणि चकचकीत, तिसऱ्या वेळी गुंडाळताना पीळ पडून तुटली, परत जोडली, परत तुटली. आता साधी लवचिक इन्सुलेटेड वायर वापरतो, पाच महिने झाले, तुटलेली नाही. लांबी आधी २१ मीटर ठेवली, जास्तीची टोकाला दुमडत दुमडत ७.१ मेगाहर्ट्झला आणली, कापली नाही, कारण कापलेली तार वाढत नाही. तीच तार ट्यूनरशिवाय (अँटेना जुळवून घ्यायची पेटी) २०, १५, १० वर पण चालते. ट्रान्सफॉर्मरपाशी २ मीटरचा काउंटरपॉइज (ग्राउंडच्या बाजूची आखूड तार) सोडतो आणि सेटच्या बाजूला कोॲक्सचे (सेट आणि अँटेना जोडणारी केबल) दहा वेढे फेराईटवर. हे वेढे नव्हते तेव्हा बोलताना ऑडिओ फाटायचा आणि माईकच्या लोखंडी क्लिपला ओठ लागला की मुंगी चावल्यागत व्हायचं. सगळा खर्च बाराशेच्या आत.

तार वर चढवायला पाण्याची अर्धी भरलेली बाटली आणि नायलॉनची दोरी. पहिल्या दिवशी बाटली आंब्यात अडकली ती तिथंच आहे. आता सहाव्या-सातव्या फेकीला जमतं. एक टोक ५-६ मीटरवर, दुसरं माणूसभर उंचीवर, आणि सांगलीवाला पहिल्याच रविवारी ५ बाय ९, म्हणजे एकदम खणखणीत. दोघंही इतके खूश की अर्धा तास काय बोलायचं ते सुचेना, शेवटी त्यानं हळदीचा भाव सांगितला.

मनाचं समाधान म्हणून एका सकाळी दोन्ही अँटेना शेजारी-शेजारी लावून ४० वर की नं सीक्यू दिला, पाच-पाच मिनिटं आलटून पालटून, आणि रिव्हर्स बीकन नेटवर्कवर बघितलं. तिथं जगभरातले ऑटोमॅटिक रिसीव्हर आपला कॉलसाईन (स्टेशनचं लायसन्सवरचं नाव) किती डीबीनं ऐकला ते टाकत असतात. तार ७-८ डीबीनं पुढे. एका सकाळचं माप आहे, पण मला पुरलं. २० मीटरला तोच खेळ केला तर युरोपकडे व्हिप बरोबरीत, दोनदा तर वरचढ, आणि ते बरोबर आहे, तिला लांबचंच दिसतं.

मग काडी विकायची का? तोच विचार होता. पण चाळकेवाडीला गेलो तेव्हा पवनचक्क्यांच्या त्या पठारावर बांधायला झाड नाही आणि तारेसाठी नेलेला फायबरचा पोल वाऱ्यानं दोन कांड्यात मोडला, गाडीच्या कॅरियरला व्हिप क्लॅम्प केली ती टिकली. अजिंक्यताऱ्यावर माणसं फिरायला येतात, तिथं २० मीटर तार पसरली की कुणीतरी अडकणार, तिथं पण काडीच. फक्त किल्ल्यावरच्या टॉवरपासून लांब बसा, माझा रिसीव्हर तिथं गांगरला होता. आणि लायसन्सची कॉपी बॅगेत ठेवा, मला दोनदा "ड्रोन आहे का" विचारून झालंय. कासला फुलांच्या दिवसात जाऊ नका, अँटेना घेऊन तर नाहीच.

व्हिपचा त्रास सांगायचा तर जांभ्याची लाल धूळ. ती कांड्याकांड्यात शिरते आणि मार्चमध्ये तिसरा कांडा असा जाम झाला की घरी आणून शिलाई मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवावा लागला. आता आत सारायच्या आधी प्रत्येक कांडा फडक्यानं पुसतो आणि जाडीकडनं एकेक खाली घेतो, टोकाला धरून दाबला की बारीक कांडा वाकलाच म्हणून समजा. कॉइलचा टॅप बदलायची क्लिप चार महिन्यात सैल झाली, विक्रेत्याला दोन मेल केले, उत्तर नाही. शेवटी टॅपवर बारीक बोल्ट सोल्डर केले.

मॅग्नेटिक लूपबद्दल (गोल कड्यासारखी छोटी अँटेना) विचारणारे बरेच, म्हणून थोडक्यात. दोस्ताची ८० सेंटिमीटरची लूप आठवडाभर गॅलरीत वापरली. जमीन लागत नाही, फिरवली की एका दिशेचा नॉईज खाली जातो, हे खरंच भारी, शेजारच्या इन्व्हर्टरची बाजू मी लूपनं शोधली. पण ४० वर ती इतकी अरुंद की जरा फ्रिक्वेन्सी हलवली की परत ट्यून, आणि हात जवळ नेला तरी ट्यूनिंग सरकतं. ५ वॉटला सुद्धा कपॅसिटरवर शेकड्यांनी व्होल्ट असतात, पोरं घरात असतील तर जपून.

एक भीतीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मे मध्ये वळवाचं आभाळ कोरेगावच्या बाजूला काळं झालं होतं, माझ्यावर ऊन होतं, म्हणून मी बसून राहिलो. सेटमधून टिक, टिक असा आवाज यायला लागला, कोॲक्स काढला तर कनेक्टरच्या पिन आणि बॉडीमध्ये बारीक निळी ठिणगी, पावसाचा एक थेंब नसताना. तार नुसत्या हवेतनं चार्ज होत होती. तसाच सगळं टाकून गाडीपाशी पळालो, तार दोन तासांनी येऊन गोळा केली. त्या तारेचं टोक ट्रान्सफॉर्मरमधून ग्राउंडला जातं तरी हे झालं, नंतर कळलं की माझा तो सोल्डर जॉईंटच सुटलेला होता. आता गडगडाट ऐकू आला की मी बंद करतो, आभाळ कुठं का असेना.

तर नवीन माणसानं काय घ्यावं विचाराल तर आधी तार, एफटी १४०-४३ आणि नॅनो-व्हीएनए. काडी नंतर, आणि ती पण ५ मीटरच्या खालची नकोच, सोबत फुकट आलेल्या चार वायरींवर विसंबू नका.

सध्या पावसानं यवतेश्वरचा रस्ता धुक्यात आहे, दोन रविवार घरीच गेले. ओल्या जांभ्यावर व्हिप ४० ला किती सुधारते ते बघायचंय, उघडीप मिळाली की सोळाच्या सोळा वायरी घेऊन जाणार. सांगलीवाल्याला सांगून ठेवलंय, सकाळी १० ला ७.१ वर कान ठेव, आणि ऐकू आलं नाही तर फोन करू नको.