जुहू विमानतळाशेजारी ‘साउंडप्रूफ’ खिडक्या : काय थांबलं, काय नाही

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते सविस्तर सांगते, कारण आमच्या भागात दर दुसऱ्या सोसायटीत कुणीतरी या खिडक्या बसवतंय आणि ‘आवाज खरंच बंद होतो का हो?’ हा प्रश्न मला जिन्यात, गिरणीत, भाजीच्या गाडीवर, कुठेही विचारला जातो.

आमचं घर पार्ले पश्चिमेला, एस. व्ही. रोडवरून आत, तिसऱ्या मजल्यावर. जुहूचा विमानतळ आजच्या मानानं चिमुकला, मुख्य धावपट्टी जेमतेम १,१४३ मीटरची. तिथून आता मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर माणसं नेणारी-आणणारी सगळ्यांत जास्त. त्यात भर म्हणून सहारच्या मोठ्या विमानतळावरून पश्चिमेकडे उडालेली विमानं पार्ले-जुहूच्या डोक्यावरूनच समुद्राकडे जातात. म्हणजे आमच्या कानांवर दोन निराळ्या जातींचे आवाज. दुकानात गेलात तर हा फरक तुम्हाला कुणीही सांगणार नाही.

आता माल. आधी आमच्याकडे तीन ट्रॅकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या होत्या, पाच मिलीमीटरची काच, कडेला ब्रश झिजलेला. त्या बंद असल्या काय आणि उघड्या असल्या काय, सारखंच. नव्या खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, सरकणाऱ्या नव्हे तर दारासारख्या उघडणाऱ्या. बाहेरून सहा मिलीमीटरची साधी काच, मध्ये बारा मिलीमीटर पोकळी, आतून चार अधिक चार अशी लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या लवचीक प्लास्टिकचा पडदा. चौकटीला दुहेरी रबर आणि हँडल फिरवलं की चार ठिकाणी अडकणारं लॉक. चौरस फुटाला १,४५० रुपये दर पडला. बेडरूमची आणि हॉलची मिळून ४४ चौरस फूट, वर अठरा टक्के जीएसटी. शिवाय जुनी चौकट कापणं, प्लास्टर, रंगाचा टचअप हे सगळं ‘आमच्यात येत नाही मॅडम’. पाऊण लाखाच्या वर बिल गेलं ते तिथे. दुकानाचं नाव देत नाही. सगळ्यांची हीच तऱ्हा आहे असं मला आजूबाजूच्या चौकशीत कळलं.

दुकानदार म्हणाला, ‘ऐंशी टक्के आवाज बंद.’ मी निवृत्त होईपर्यंत टेलिफोन खात्यात ट्रान्समिशनला होते, डेसिबल हा आमचा रोजचा शब्द. मी विचारलं, कशाचे ऐंशी टक्के? डेसिबलमध्ये सांगा, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला ते सांगा. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चहाकडे पाहिलं. टक्क्यांची ही भाषा मुळात निरर्थक आहे. ढोबळ हिशेब असा, की दहा डेसिबल कमी झाले तर आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. वीस कमी झाले तर पाव. दुकानात मागायचा असतो तो प्रयोगशाळेत त्या काचेची आणि चौकटीची एकत्र चाचणी केल्याचा कागद, आणि त्यातला आरडब्ल्यू किंवा एसटीसी हा, आवाज किती अडतो ते सांगणारा आकडा. नुसत्या काचेचा आकडा दाखवतात, चौकटीचा नाही. मला चार दुकानांपैकी एकानंच पूर्ण कागद दाखवला, म्हणून माल तिथून घेतला.

बसवण्याच्या दिवशी मात्र शेजारी उभं राहायला हवं. मुलं चौकट बसवतात आणि भिंतीशी राहिलेली फट पिवळ्या फोमनं भरून वरून सिलिकॉन फिरवतात. फोम वजनाला हलका, त्यातून आवाज आरामात येतो. मी त्यांना फट आधी सिमेंटनं दाबून घ्यायला लावली, मग बाहेरून सीलंट. मुलगा कुरकुरला, पण केलं. संध्याकाळी पंखे बंद करून चौकटीच्या कडेकडेनं पेटती उदबत्ती फिरवली. डाव्या खालच्या कोपऱ्यात धूर सरळ आत वळला. तिथे रबराचे दोन तुकडे कोपऱ्यात मिळतच नव्हते, नखभर जागा होती. त्या नखभर जागेसाठी माणूस पुन्हा बोलावला. तो आला, दुरुस्त करून गेला, पैसे मागितले नाहीत. याचा अर्धा तारा मी परत दिला आहे, नाहीतर तीनच होते.

निकाल. सहारची जेट विमानं, रिक्षांचे हॉर्न, समोरच्या इमारतीचं पाडकाम, यांच्या बाबतीत खिडकी उत्तम. फोनवरच्या अ‍ॅपचा आकडा कितपत खरा हा प्रश्न असतोच, पण त्याच फोननं, त्याच जागी मोजलं तर तुलना करता येते. विमान जाताना बेडरूममध्ये पूर्वी खिडकी लावून साठीच्या पुढे काटा जायचा, आता चाळिशीच्या आसपास राहतो. दुपारची झोप परत मिळाली हे मान्य करायलाच हवं.

हेलिकॉप्टर मात्र आत येतं. सकाळी पहिलं उडालं की फडताळातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणतात, अजूनही. कारण सोपं आहे. चार पात्यांचं डॉफिन जातीचं हेलिकॉप्टर घ्या. पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला तेवीस ठोके. हा इतका खालचा सूर कानापेक्षा छातीला आणि भिंतीला आधी कळतो. असा सूर अडवायला वजन लागतं, आणि काचेला ते पुरेसं नसतं. उलट दोन काचांच्या मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि काही खालच्या सुरांना दुहेरी काच एका जाड काचेपेक्षाही वाईट ठरते. शिवाय अ‍ॅपमध्ये ‘डीबी-ए’ लिहिलेलं असतं. हे मोजमाप माणसाच्या कानाच्या हिशेबानं खालचे सूर मुद्दाम कमी धरतं. पन्नास हर्ट्झला तर तीस डेसिबल कापून टाकतं. म्हणून आकडा म्हणतो शांत आहे आणि वाट्या म्हणतात नाही. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग तुम्ही तिहेरी काच घ्या.’ घेऊ नका. त्यापेक्षा तेच पैसे बाथरूमच्या लूव्हरच्या पट्ट्या काढून तिथे सलग काच बसवण्यात, एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि जुन्या विंडो एसीची जागा विटांनी बुजवण्यात घाला. आमच्याकडे निम्मा आवाज स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टमधून येत होता आणि आम्ही हॉलच्या काचांवर पैसे ओतत होतो.

एक त्रास आधी लक्षात येत नाही. बाहेर बॉक्स ग्रिल आहे, म्हणून खिडकी बाहेर उघडत नाही, आत उघडते. आत उघडली की पडद्याच्या दांड्याला आपटते. दांडा सहा इंच वर घ्यावा लागला, पडदे आखूड झाले. तुळशीची कुंडी खिडकीच्या आतल्या कठड्यावर ठेवायची सोय गेली. आणि खिडकी लावली की जुहूचं संध्याकाळचं वारंही बाहेरच. पावसाळ्यात बेडरूममध्ये वाळत घातलेल्या कपड्यांना तो ओळखीचा कुबट वास यायला लागला, तेव्हा मी दोरी हॉलमध्ये हलवली. एसी नसेल तर या खिडक्यांच्या वाटेला जाऊ नये. खारी हवा आहे, बिजागऱ्या स्टेनलेसच्याच मागा, आणि चौकटीच्या खालच्या बाजूची पाणी जाण्याची भोकं रंगाऱ्यानं बुजवली नाहीत ना ते बघा. आमच्याकडे एक बुजवलं होतं.

आता सोसायटीचं. खिडकीच्या परीक्षणात हे कशाला, असं वाटेल, पण माझ्या खिडक्यांवर मीटिंगमध्ये चर्चा झाली आहे. ‘तुम्ही काचा लावल्या म्हणजे आवाज मान्य केला,’ असं एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या मते विमानतळाच्या आवाजाविरुद्धच्या सोसायटीच्या तक्रारीचा अर्जच कमजोर झाला. गंमत अशी, की अर्जावर सगळ्यांत पुढे असलेल्यांना आवाजापेक्षा मजल्यांची काळजी. इमारत पुनर्विकासाला काढायची आहे, आणि इथे उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. ती उंची जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजतात. बिल्डरनं मनात धरलेले मजले आणि दाखल्यात मिळणारे मजले यांत अंतर पडलं की लगेच ‘विमानतळ इथून हलवा, मुलांच्या अभ्यासाला त्रास होतो’ हे सुरू. ज्यांना खरोखर त्रास होतो, तळमजल्यावरच्या आजारी आजी किंवा रात्रपाळी करून सकाळी झोपणारा मुलगा, ते मीटिंगला येतही नाहीत.

आणि ‘आम्ही आधी की विमानतळ आधी’ हा वाद तर घालूच नये. विमानतळ १९२८ चा आहे. जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ ला उतरले ते इथेच. तेव्हा आमच्या सोसायटीतलं कुणी जन्मलंही नव्हतं.

नियम बघायचे तर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं विमानतळांच्या आसपासच्या आवाजाची मर्यादा ठरवली. वर्षाला पन्नास हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणं असतील तर दिवसा ७०, रात्री ६५ डेसिबल. बाकीच्यांना ६५ आणि ६०. निवासी भागाला एरवी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा असते, हे लक्षात घेतलं तर सवलत कुणाला आहे ते कळतं. त्यातही हा आकडा सरासरीचा. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. एक हेलिकॉप्टर दोन मिनिटं घर हलवून गेलं तरी सोळा तासांच्या सरासरीत ते विरघळून जातं. अर्ज करायचाच तर सरासरीवर भांडू नका, वेळेवर आणि मार्गावर भांडा : जमिनीवर इंजिन चालू ठेवून उभं राहण्याची वेळ कमी करा, वळण समुद्रावर घ्या. हे मी मीटिंगमध्ये मांडलं. ठराव झाला नाही, चहा झाला.

सुरक्षिततेचं म्हणाल तर ती भीती खोटी नाही. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मोठ्या विमानतळाऐवजी चुकून जुहूवर उतरलं आणि धावपट्टी संपली तरी थांबेना. सुदैवानं कुणी दगावलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत ‘ते जपानी विमान’ म्हणून सांगायच्या, दरवेळी ते थोडं अधिक जवळ येऊन थांबायचं. २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं छोटं किंग एअर विमान घाटकोपरमध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ कोसळलं. आतले चौघं गेले आणि रस्त्यानं चाललेला एक माणूसही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं, त्यानंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याच सुमारास दुकानदाराच्या माणसानं मला ‘लॅमिनेटेड म्हणजे सेफ्टी ग्लास’ असंही विकायचा प्रयत्न केला. लॅमिनेटेड काच फुटली तर तुकडे पडद्याला चिकटून राहतात, पायात घुसत नाहीत, एवढीच ती सेफ्टी. तेवढ्यासाठी घ्या, घरात नातवंडं असतील तर नक्की घ्या. पण उंचीचे नियम पाळले जाणं ही निराळी सुरक्षितता आहे, आणि गंमत म्हणजे तीच आमच्या सोसायटीला सगळ्यांत जास्त खुपते.

तर कुणी घ्यावी? रस्त्याच्या किंवा जेटच्या आवाजानं हैराण असाल, एसी असेल आणि एकच खोली करायची असेल, तर बेडरूम करा, डोळे मिटून. हॉल करू नका. हॉलचं दार दिवसभर उघड-मीट होतं, पैसे फुकट. हेलिकॉप्टरसाठीच करणार असाल तर आधी घरातली भोकं बुजवा, वाट्यांखाली जुना टॉवेल घाला, मग विचार करा. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. आम्ही ऐंशी टक्के दिली होती आणि मच्छरदाणीची जाळी अजून यायची आहे. फोन केला की ‘मंगळवारी पाठवतो’ म्हणतात.