टोटल लॉस झालेल्या गाडीचा कागद

माझी ऑडी टीटी ही दोन दारांची स्पोर्ट्स कार जुलै २०२३ मध्ये खेडजवळच्या भोस्ते घाटात अपघातात सापडली आणि विमा कंपनीने ती टोटल लॉस ठरवली. त्या गाडीची विल्हेवाट लावताना एकदा आणि तिच्या जागी दुसरी गाडी घेताना पुन्हा एकदा, असा वर्षभराच्या आत मी दोनदा फसलो. पहिल्या वेळच्या फसवणुकीत माझाही थोडा हात होता, आणि ते लपवून हा अनुभव लिहिला तर वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग होणार नाही.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी स्पोर्ट्स कार कशाला, हा प्रश्न मला नातेवाइकांपासून पेट्रोल पंपावरच्या मुलापर्यंत सर्वांनी विचारून झाला आहे. रविवारी पहाटे आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन यावे, एवढेच माझे उत्तर. गाडी २०१२ सालची होती आणि मी ती २०१८ मध्ये जुनी म्हणूनच घेतली होती. खाऱ्या हवेत तिची निगा राखणे सोपे नव्हते, तरी पाच वर्षे ती उत्तम चालली. अपघाताच्या दिवशी पाऊस होता, उतारावर समोरून ट्रेलर वळणात आत आला आणि त्याला चुकवताना गाडी कठड्यावर जाऊन आदळली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

टोटल लॉस म्हणजे काय, हे मला तोपर्यंत नीट ठाऊक नव्हते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर विमा कंपनी दुरुस्ती न करता गाडी संपूर्ण नुकसानीत काढते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या तक्त्यावरून येत नाही, ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. माझी दहा लाख रुपये होती. या पिढीच्या टीटीच्या सांगाड्याचा पुढचा बराचसा भाग अॅल्युमिनियमचा आणि मागचा पोलादाचा असतो. अॅल्युमिनियमचा भाग ठोकून सरळ करणे गावच्या गॅरेजचे काम नव्हे, त्यामुळे अंदाजपत्रक आठ लाख साठ हजारांवर गेले आणि विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने एका भेटीत निकाल दिला.

इथून पुढचा भाग मला सविस्तर सांगायचा आहे. टोटल लॉसमध्ये गाडीचा सांगाडा, ज्याला या व्यवसायात सॅल्व्हेज म्हणतात, लिलावात विकला जातो. बोली लावणाऱ्याकडून येणारी रक्कम आयडीव्हीतून वजा होते आणि उरलेली विमा कंपनी देते. माझ्या गाडीला दोन प्रकारच्या बोली आल्या होत्या. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, रद्द करून केवळ भंगार म्हणून द्यायची असेल तर एक लाख दहा हजार, आणि आरसी चालू ठेवून कागदपत्रांसह द्यायची असेल तर तीन लाख वीस हजार. दाव्यात मालकाने स्वतः सोसायचे सक्तीचे दोन हजार वजा जाता, बोलीची आणि विमा कंपनीची रक्कम मिळून माझ्या हाती दोन्ही प्रकारांत नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजारच पडणार होते. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारात विमा कंपनीला दोन लाख दहा हजार कमी द्यावे लागणार होते. त्याच चुरगळलेल्या पत्र्याला केवळ सोबत कागद आहे म्हणून कोणी दोन लाख दहा हजार जास्त का देईल, हा प्रश्न हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण बोली लावणाऱ्याच्या माणसाने दुसऱ्या प्रकाराला होकार दिल्यास वर पंधरा हजार रोख देऊ केले आणि मी ते घेतले.

त्या पंधरा हजारांच्या मोबदल्यात मी आरसी, दुसरी किल्ली आणि मालकी हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. "साहेब, आठ दिवसांत नावावरून निघेल," असे तो म्हणाला. गाडी टेम्पोवर चढवून नेली तेव्हा मला वाईट वाटत होते ते गाडीसाठी. कागदांचा विचार मनात आलाही नाही.

त्यानंतर मी दुसरी गाडी शोधू लागलो. घरातून आग्रह चार दारांच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचा होता. बीएमडब्ल्यूची झेड ४ मी कोल्हापुरात पाहिली. तिचे मागे दुमडणारे छप्पर मोहात पाडते, पण आमच्या चार महिन्यांच्या पावसात त्या छपराची मोटर आणि रबर किती काळ टिकतील याची खात्री वाटेना. पोर्शे बॉक्स्टरचा विचार, ती दुरुस्तीसाठी दर वेळी मुंबईला न्यावी लागणार, या एका कारणाने सोडला. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये टीटीचे उत्पादन कायमचे थांबले. हंगेरीतील ग्योर येथील कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडल्याची बातमी वाचली आणि पंचवीस वर्षे बनत असलेली ही गाडी आता पुन्हा नवी कधीच मिळणार नाही, या विचाराने माझी सारासार बुद्धी गहाण पडली. विक्रेत्याला अशा गिऱ्हाइकाची चाहूल लगेच लागते.

मुंबईच्या एका उपनगरातील विक्रेत्याकडे तिसऱ्या पिढीची, २०१६ ची टीटी होती. बाकीचे लोक पंचवीस-सव्वीस लाख सांगत असताना हा एकवीस मागत होता. गाडी फर्स्ट ओनर, धावलेली अवघी अठ्ठावीस हजार किलोमीटर. मी परिवहन विभागाच्या अॅपवर क्रमांक घालून पाहिला. नोंदणी चालू, कर्जाचा बोजा नाही, विमा चालू, मालकाचा अनुक्रमांक एक. यातील प्रत्येक गोष्ट खरी होती. ही गाडी पूर्वी कधी टोटल लॉस झाली होती का, हे सांगणारा रकाना मात्र मला तिथे कुठे दिसला नाही. अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिसचे छापील कागद मे २०२१ पर्यंतचे होते. पुढचे कुठे आहेत असे विचारल्यावर, "लॉकडाऊननंतर मालक बाहेरच सर्व्हिस करत होते, सर," हे उत्तर मिळाले आणि मला ते पटले. गाडीत कापराचा मंद वास होता, तोही मला प्रसन्न वाटला.

जानेवारी २०२४ मध्ये पैसे देऊन मी गाडी घरी आणली. नावावर करून देण्याचे काम विक्रेत्याच्या एजंटाकडे होते. मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो मिळाला की झाले, असे तो दर आठवड्याला सांगत राहिला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हातखंब्याजवळ चालकासमोरचा डिजिटल पडदा काळा पडला. या गाडीत वेग, इंधन, नकाशा असे सगळे त्या एकाच पडद्यावर दिसते, त्यामुळे मी तसाच आंधळेपणाने घरी आलो. पडदा दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाला, मग एक काच खाली जाईना, मग गिअरबॉक्स मध्येच अडकू लागला.

आमच्याकडचे मिस्त्री साठीचे आहेत. त्यांनी संगणक जोडण्याआधी चालकाचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी गुंडाळीतच राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती आणि तिच्याखाली कापड ताठरलेले होते. मग त्यांनी सीट सोडवून तिच्या रुळाच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर फिरवला आणि त्याच्या टोकाला आलेली माती बोटांत चोळून माझ्यापुढे धरली. आमच्या अंगणात, पायपुसण्यावर, गाडीच्या पायदाणीवर सगळीकडे जांभ्याची लाल माती असते. ती दिसली असती तर कोणालाच काही वाटले नसते. ही राखाडी, पिठासारखी बारीक होती. "अण्णा, हा नदीचा गाळ," ते म्हणाले. "चिपळूणला भावाच्या घरातून पंधरा दिवस हाच काढत होतो."

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या पुराने चिपळूण बुडाले, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. त्या पुरात किती गाड्या गेल्या आणि त्या पुढे कुठे गेल्या, याचा मात्र माझ्यासकट कोणी फारसा विचार केला नसावा. गाळ सुकला की धुऊन निघतो, कारपेट नवे घालता येते, वास कापराने झाकता येतो. वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी मात्र तांब्याला हळूहळू खात राहते, आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या दारात असते.

आरसीवर पत्ता मुंबईचा होता. त्या आडनावाचे कोणी चिपळुणात आहे का, अशी ओळखीतून चौकशी करता मालकाचा फोन मिळाला. गृहस्थ सभ्य होते. "अहो, ती गाडी आम्ही केव्हाच सोडली," ते म्हणाले. "पुराच्या वेळी ती आमच्या चिपळूणच्या घराच्या तळमजल्यावर होती, छपरापर्यंत पाण्यात. विमा कंपनीने टोटल लॉस दिला, एक माणूस आला आणि घेऊन गेला. मधूनमधून मला कसलेसे ओटीपी येतात, पण कोणाला द्यायचे नाहीत असे सांगतात, म्हणून मी दिले नाहीत." फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या का, असे मी विचारले. त्यांनी दिल्या होत्या. कोऱ्याच.

फर्स्ट ओनर या शब्दांचा अर्थ मला तेव्हा समजला. गाडी पुरानंतर तीन-चार हातांतून फिरली होती, पण मधल्या कोणीही ती आपल्या नावावर केली नव्हती, म्हणून कागदावर तिचा मालक पहिलाच राहिला होता. जी गोष्ट मला गुण म्हणून विकली गेली तीच खरे तर लबाडीची खूण होती. अधिकृत वर्कशॉपला चासी क्रमांक देऊन लेखी विचारणा केल्यावर ऑगस्ट २०२१ ची नोंदही मिळाली: पाण्याने बाधित, दुरुस्ती न करता परत. हीच विचारणा मी पैसे देण्याआधी करू शकत होतो.

याच धावपळीत एप्रिलमध्ये माझ्या मोबाइलवर ई-चलान आले. उत्तर भारतातील एका द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड, आणि क्रमांक माझ्या भोस्ते घाटातल्या गाडीचा. छायाचित्रात धडधाकट चंदेरी टीटी होती. आमच्या गावात न दुरुस्त होणारा सांगाडा कोणी खरोखर उभा केला असेल, किंवा तशाच दुसऱ्या, कदाचित चोरीच्या, गाडीवर माझा क्रमांक आणि चासी क्रमांक चढवला असेल. छायाचित्रावरून ते ठरवता येत नव्हते. सॅल्व्हेजच्या कागदाला जास्त किंमत मिळण्यामागे हा दुसरा उपयोग असतो, असे पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनी मला फार आश्चर्य न दाखवता सांगितले.

वकिलांनी सांगितलेले अधिक गंभीर होते. गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. म्हणजे त्या चंदेरी गाडीखाली कोणी सापडले असते तर नोटीस रत्नागिरीत माझ्या दारात आली असती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्यावर चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची असते. नऊ महिने उशिरा का होईना, विमा कंपनीच्या पत्राची प्रत, पोलीस तक्रार आणि आरसीची माझ्याकडची छायाप्रत जोडून मी आरटीओकडे अर्ज दिला. त्यात पंधरा हजारांचा उल्लेखही केला. तो लिहिताना हात जड झाला होता.

विक्रेत्याशी झालेल्या करारात "गाडी जशी आहे तशी" असे वाक्य होते आणि त्याने तेच पुढे केले. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. याच्याकडे ते नव्हते, आणि मीही मागितले नव्हते. नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईच्या खेपा न घालता रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. नोटीस गेल्यावर विक्रेता तडजोडीला आला. गाडी परत द्या, नऊ लाख देतो, मग अकरा, मग चौदा. मी म्हटले, चौदा चालतील, पण गाडी टोटल लॉस असल्याचे आरटीओला कळवून तिची आरसी रद्द करायची. पैशांच्या बाबतीत तीन वेळा वाढलेला तो माणूस या एका अटीवर तसूभरही पुढे सरकला नाही. प्रकरण अजून चालू आहे आणि गाडी माझ्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे.

दरम्यान, घरातले पहिल्यापासून म्हणत होते ती ऑक्टाव्हिया आरएस मी कोल्हापुरातील एका डॉक्टरांकडून थेट घेतली. वर्कशॉपची संपूर्ण नोंद आधी लेखी मागवली, विमा कंपनीकडून मागच्या दाव्यांची माहिती डॉक्टरांच्याच हस्ते घेतली आणि अर्धे पैसे आरसीवर माझे नाव चढल्यावर द्यायचे ठरवले. मिस्त्री सोबत होते. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, तेव्हा डॉक्टरांनी कुतूहलाने विचारले, "काय बघताय?"

"पाणी," मिस्त्री म्हणाले.

"बघा, बघा," डॉक्टर म्हणाले. "एकोणीस साली आमच्याकडेही पंचगंगा आली होती."