नदीकाठी जोतं उंचावायचं की वस्ती हलवायची?

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी रातोरात चाळीसगावात शिरल्या. या नद्यांची धाव छोटी, उतार मोठा. डोंगरात पाऊस कोसळला की काही तासांत पाणी दारात. तापीकाठी हतनूर धरणाचे दरवाजे उघडताना इशारा तरी मिळतो. इथे तेवढी उसंत नसते. त्यामुळे काठावरच्या घरांनी निर्णय उन्हाळ्यातच घ्यायला हवा.

आधी पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की २४ वर्षं निर्धास्त, असा नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दर पावसाळ्यात शेकडा ४ असते.

घर निळ्या रेषेच्या आत असेल तर जोत्यावर पैसा घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पाण्याला ओढ असते. ते पायाखालची मातीच खरवडून नेतं. शिवाय तिथे नव्या बांधकामाची परवानगी सहसा मिळत नाही, म्हणजे स्वतःच्या जागेवर घर बांधायला आवास योजनेतून मिळणारे अडीच लाखही दूरच.

दोन रेषांच्या मधे मात्र मी राहण्याच्या बाजूने आहे. मागच्या पुराची खूण भिंतीवर असतेच. जोतं तिच्या वर घ्या, तिथपर्यंत सिमेंटात पक्की वीट, विजेचं मीटर उंचावर, कागदपत्रं आणि धान्य माळ्यावर.

हलण्याची खरी किंमत घरात नसते, रोजीत असते. पहाटे भाजीबाजार गाठणाऱ्या बाईला गावाबाहेरच्या घरकुलातून रोजचं रिक्षाभाडं परवडेल का? चार घरची धुणीभांडी सुटली तर नवी कुठे मिळतील? म्हणून एकेकट्याने जाऊ नका. सगळी गल्ली एकत्र, नळ आणि रस्ता आधी, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि हे सगळं हातात आल्यावरच जुनं घर सोडायचं. रिकामी झालेली जागा नदीलाच राहील, हेही लिहून घ्या. तिथे भराव टाकून गाळे उठले तर पाणी मागच्या वस्तीत चढणार.

संरक्षक भिंत हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. नाल्यांच्या तोंडाशी झडपा नसतील तर नदीचं पाणी नाल्यातून उलटं आत येतं, आणि समोरच्या काठावर पाण्याचा जोर वाढतो तो वेगळाच.

पूररेषेचा नकाशा नगरपालिकेकडे किंवा जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज करून मागा. तो हातात येईपर्यंत विटांची ऑर्डर देऊ नका.