वासोटा: किल्ला करून परत, की नागेश्वरसह फेरी?

सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या जलाशयापलीकडच्या जंगलात असलेल्या वासोटा किल्ल्याचं ठरलं की बोट, परवानगी, वनखात्याकडून होणारी प्लास्टिकची मोजदाद हे सगळं ग्रुपवर कुणी ना कुणी सांगतंच. ठरत नाही ते एवढंच: पायथ्याच्या मेट इंदवलीला बोटीतून उतरल्यावर किल्ला बघून आलो त्याच वाटेनं परत फिरायचं, की किल्ल्यावरून पुढे नागेश्वरची महादेवाची गुहा गाठून ओढ्याच्या वाटेनं खाली यायचं? मी दोन्ही केलंय. नागेश्वरवरून चोरवण्याला उतरून कोकणात जाणं हा तिसरा पर्याय आहे खरा, पण मग तुम्ही खेड तालुक्यात आणि गाडी बोट सुटते त्या बामणोलीत. तो आत्ता बाजूला ठेवू.

चढायचा भाग दोन्हीकडे सारखाच. वनखात्याची चौकी सोडली की थोड्या वेळात ओढा लागतो, काठावर उघड्यावर मारुती-गणपती बसलेत, आणि तिथून जंगल अंगावर येतं. ओढ्याला पाणी असेल तर बाटल्या इथेच काठोकाठ भरून घ्याव्यात, कारण पुढचा चढ घाम काढतो. हा सगळा कोयना अभयारण्याचा भाग, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातला. वाघाचं सोडा, पण गवा आणि अस्वल यांच्या हद्दीतून आपण चाललोय हे ध्यानात असलेलं बरं. किल्ल्याच्या थोडं अलीकडे नागेश्वरचा फाटा फुटतो. दोन्ही बेतांत आधी किल्लाच करावा असं माझं मत, पाय ताजे असतानाच.

नुसता किल्ला करण्यात मोठं सुख म्हणजे वरती वेळ मिळतो. बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याचं जोडटाकं, आणि मग बाबूकडा. कड्याच्या टोकाशी निवांत बसायला अर्धा तास तरी हवाच. समोर दरीपलीकडे जुना वासोटा दिसतो. 1818 मध्ये इंग्रजांनी त्याच डोंगरावर तोफा चढवून या किल्ल्यावर मारा केला होता. ते अंतर डोळ्यांनी बघितल्यावर ‘दुर्गम’ किल्ला का पडला ते लगेच कळतं. फेरी करणाऱ्यांना हे सगळं पळत-पळत उरकावं लागतं, आणि ती खंत मला फेरीच्या वेळी वाटली, हे मान्य करतो.

पण उतरण. सकाळी बोटी साधारण एकाच सुमाराला लागतात, त्यामुळे शनिवार-रविवारी सगळी गर्दी त्या एकाच अरुंद वाटेवर मागेपुढे असते. तुम्ही उतरायला लागता तेव्हा उशिरा आलेले अजून चढत असतात. दर वळणावर थांबा, कारवीला धरून अंग चोरा, चढणाऱ्यांना वाट द्या. त्यातला प्रत्येक जण कमरेवर हात ठेवून तोच प्रश्न विचारतो, “अजून किती राहिलंय?” पहिल्या चार जणांना मी खरं सांगतो. नंतर “आलंच की, हे काय” असं खोटं बोलायला लागतो, आणि ते ऐकून माणूस ज्या विश्वासानं पुन्हा चढायला लागतो ते बघून वाईट वाटतं. मागून कुणाच्या तरी सॅकमधला स्पीकर वाजत येत असतो. एवढं दाट जंगल, पण कानावर माणसांशिवाय काही पडत नाही. शेकरूची हाक ऐकायला म्हणून आलेल्यानं काय करायचं? माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

फाट्यावरून नागेश्वरकडे वळलं की गर्दी गळते. पूर्ण नाही, पण बोलणं आपोआप हळू होण्याइतकी. वाट डोंगरधारेनं जाते, काही ठिकाणी झाडी सुटते आणि दुपारचं ऊन सरळ डोक्यावर येतं. टोपी लागेलच. शेवटी पायऱ्या चढून कपारीतल्या गुहेत पोचलं की गारवा अंगाला लागतो. छतातून झिरपणारं पाणी थेंबाथेंबानं पिंडीवर पडत असतं. मी थेंबाखाली तळहात धरला, तर ओंजळ भरायचं नाव घेईना, आणि तेवढ्यात घाम मात्र सुकला. पिण्यासाठी त्या पाण्यावर भिस्त ठेवू नका, मागे रांग असली तर बाटली कधी भरायची?

परतताना पुन्हा किल्ल्याकडे जावं लागत नाही. थोडं मागं येऊन जंगलात उतरणारी वाट पकडायची, ती ओढ्याच्या सोबतीनं खाली येते. या टप्प्याबद्दल मात्र गोड बोलणार नाही. दगडधोंडे हलतात, पाचोळ्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना दुसऱ्या दिवशी जिना आठवण करून देतो. माहीतगार सोबत नसेल तर ही वाट शोधायच्या भानगडीत पडू नये, फसव्या ढोरवाटा पुष्कळ आहेत. शिवाय घड्याळ. मुक्कामाला बंदी आहे, बोटवाला सांगितलेल्या वेळेला निघायच्या तयारीत असतो. फेरीत सहा-सात तास सहज जातात, त्यामुळे शेवटच्या तासात सारखं मनगटाकडे लक्ष जातं. तरी घड्याळाचा त्रास मी “अजून किती?”पेक्षा सुखानं सोसतो. ज्याचा त्याचा स्वभाव.

बरोबर लहान मुलं असतील, किंवा कुणाचा हा पहिलाच ट्रेक असेल, तर किल्लाच करा, आणि जमल्यास आठवड्याच्या मधल्या वारी. मग माझी अर्धी तक्रार उरतही नाही. चालायची सवय असलेल्या चार-पाच जणांचा गट असेल तर मी फेरीच सुचवेन, डिसेंबर-जानेवारीत. फक्त नागेश्वरची वाट त्या दिवशी खुली आहे का, हे बामणोलीच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि परतीची वेळ बोटीत बसतानाच बोटवाल्याशी पक्की करा. पहिल्या बोटींत नंबर लागला नाही आणि मेट इंदवलीला पोचेपर्यंत दहा वाजले, तर नागेश्वरचा विषय काढू नका, बाबूकड्यावर निवांत बसा.