नकाशात आमच्या झोपायच्या खोलीत गाड्या होत्या

फेब्रुवारीत घर बघायला गेलो, तिथेच चुकलो. कोकणात फेब्रुवारीत सगळीच घरं चांगली दिसतात. भिंती कोरड्या असतात, हवा गार असते आणि माणूस मोहोराच्या वासावर खूश असतो.

मी लोट्याला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. देवरूखहून आई, बायको आणि पहिलीतल्या मुलीला चिपळूणला आणायचं होतं. एजंटाने बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एक वन बीएचके दाखवला. "तळमजला आहे साहेब, आईंना जिने नकोत," म्हणाला. भाडं ७,५०० रुपये, डिपॉझिट ५०,०००, शिवाय एका महिन्याचं भाडं त्याचं. आईचे गुडघे आठवले आणि मी हो म्हटलं.

हॉलच्या मधोमध एक खांब होता. मुलगी त्याला धरून गोल गोल फिरायला लागली आणि आम्ही सगळे हसलो. घराच्या मधोमध खांब का असेल, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच पडला नाही. छत इतकं खाली होतं की हात वर केला तर पंखा लागेल. त्याला खालून पांढऱ्या पीव्हीसी शीट मारलेल्या होत्या. भिंतींना नवाकोरा रंग. लाइट बिलाचं विचारलं तर मालक म्हणाले, "वेगळा मीटर लवकरच येतोय, तोपर्यंत आपल्या सबमीटरवर, युनिटला १२ रुपये." तो सबमीटर जिन्यातल्या दिव्यांच्या आणि पंपाच्या मीटरला जोडलेला होता, हे नंतर कळलं.

करार ५०० च्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. मी रजिस्टर करायचं का विचारलं होतं. "अकरा महिन्यांचाच आहे, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही हो भाऊ." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. महाराष्ट्रात ते खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुद्रांक शुल्क जेमतेम पाव टक्का असतं, म्हणजे पैसे वाचवायचा प्रश्नच नव्हता. नोंदणी म्हटलं की मिळकतीचा तपशील सरकारी कागदावर येतो, आणि ह्या मिळकतीला कागदच नव्हता.

मृगाचा पाऊस लागला आणि आठ दिवसांत घर बोलायला लागलं. आधी छताच्या शीटमधून थेंब. मला वाटलं गळती. बायकोने वास घेतला आणि बादली सरकवण्याऐवजी मुलीचं अंथरूणच उचललं. शीट काढून बघितलं तर वरच्या सगळ्या मजल्यांचे संडास-बाथरूमचे पाइप आमच्या डोक्यावरून गेलेले, सांध्यांना फडकी गुंडाळलेली. मग भिंतीचे पोपडे निघाले. आणि एका सकाळी, माझ्या डोक्याच्या वर हातभर, खोलीभर फिरलेली एक तपकिरी रेघ रंगातून वर आली. चिपळूणकरांना ती काय ते सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर.

शेजारच्या आजी आईला म्हणाल्या, "अवो काकी, तिथं माणसं कवा ऱ्हायली? गाड्या ऱ्हायच्या तिथं."

मुलीला खोकला सुरू झाला तो थांबेना. डॉक्टरांनी औषधं दिली आणि ओल असलेल्या खोलीत झोपवू नका म्हणाले. दोनच खोल्या, दोन्ही ओल्या.

मालकांना फोन केला. पहिल्या फोनला "बघतो", दुसऱ्याला "तुम्हीच बघून घेतलंत ना?" तिसऱ्याला मी नगरपरिषदेत जाईन म्हटलं, तेव्हा 'तुम्ही'चा 'तू' झाला. "जा ना. कर तक्रार. सील लावायला येतील तेव्हा तुझंच सामान रस्त्यावर पडेल." दुसऱ्या दिवशी आमच्या नळाचं पाणी बंद.

ह्या धमकीने आम्ही तीन आठवडे गप्प बसलो. खरी फसवणूक मला विचाराल तर इथे आहे. पुट्टी लावून रेघ लपवली, ती बनवाबनवी झाली. पण बेकायदा बांधकाम त्याने करायचं आणि त्याची भीती आम्ही बाळगायची, हा हिशेब आम्ही मुकाट्याने मान्य केला होता.

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, हे कामावरच्या एका सहकाऱ्याने सांगितलं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो. मला वाटायचं ते फक्त अगदी गरिबांसाठी. अर्ज बायकोच्या नावाने केला, कारण माझी शिफ्ट.

वकीलबाईंनी आधी जागा कुठे आहे ते विचारलं. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच लागू होतो. गावातलं घर असेल तर बऱ्याचदा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघावा लागतो. मग त्यांनी मालकाच्या धमकीचे दोन तुकडे केले. एक खरा: पाडायचा आदेश आलाच तर भाडेकरू म्हणून तो अडवता येत नाही, उलट तो आदेश हे घर खाली करून घ्यायचं कायदेशीर कारण ठरतं. दुसरा साफ खोटा: त्यामुळे मालकाकडून काही मागता येत नाही. डिपॉझिट मागता येतं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज तोडता येत नाही. कागदावर 'लायसन्स' लिहिलंय, म्हणजे तुम्ही भाडेकरूच नाही असा वाद तो घालेल, हेही त्यांनी सांगून ठेवलं. पण नोंदणीच नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. जो करार त्याने स्वतःच्या सोयीसाठी कच्चा ठेवला, तोच त्याच्या अंगाशी आला.

पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करायची आणि भाड्यातून वळती करायची, अशीही तरतूद त्याच कायद्यात आहे, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. पण दुसऱ्यांच्या संडासाचे पाइप मी काय दुरुस्त करणार होतो?

माहिती अधिकारात अर्ज टाकून इमारतीचा मंजूर नकाशा मागवला. आमचा हॉल आणि झोपायची खोली मिळून तिथे तीन चौकोन होते, आणि वर 'वाहनतळ'. भोगवटा प्रमाणपत्रात, म्हणजे इमारत वापरायला दिलेल्या परवानगीच्या दाखल्यात, तळमजल्यावर एकही सदनिका नाही. सोबत मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत आली, नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, अनधिकृत बांधकाम काढून टाका म्हणून. तारीख आमच्या कराराच्या आधीची. वकीलबाई ती वाचून पहिल्यांदा हसल्या. मालकाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे, असं १८८२ च्याच कायद्याचं कलम १०८ म्हणतं. त्याला माहीत होतं, हे आता कागदावर होतं.

रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं. समितीसमोर तडजोडीला बोलावलं तेव्हा मालक परत 'तुम्ही'वर आले होते. ५०,००० पैकी ३५,००० हातात पडले. बाकीचे रंग खराब झाला म्हणून कापले म्हणे. कोर्टात गेलो असतो तर तेही मिळाले असते, पण मुलीचा खोकला तारखांसाठी थांबणार नव्हता. एजंटाने फोन उचलणं बंद केलंय.

नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागायला मला लाज वाटली होती, भाड्याच्या घराला कोण मागतं म्हणून. लाइट बिलावर त्याच घराचा ग्राहक क्रमांक आहे का, एवढं जरी बघितलं असतं तरी पुरलं असतं. घरपट्टीची पावती दाखवली तर भुलू नका, कर अनधिकृत बांधकामालाही लागतो.

दुसरं घर आम्ही श्रावणात, भर पावसात बघितलं. जांभ्याचं, कौलारू, नाक्यापासून जरा लांब. बायकोने छत्रीच्या टोकाने वाशांवर ठोकून बघितलं. घरमालकीण बाई मागे उभ्या होत्या. "मागच्या पडवीत गळतं हो," त्या म्हणाल्या, "तिथे बादली ठेवावी लागेल." आम्ही तिथेच भाडं ठरवलं.